सालेकसा कोणी बंद केलं

धनराज,

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मला चिचगडच्या कुंदाताईचा फोन आला. तिला कोणी कळवलंच नव्हतं.

"आज धनराजभाऊचा फोन काऊन नाई आला?"

मी सांगितलं. पलीकडे वजनकाट्याच्या शेडमधला गलका चालू होता. मग ती म्हणाली, "मंग मी पत्ता कोनाले सांगू?"

मला सांगा, मी म्हणालो.

"तुमाले नाई सांगत. तुमी चुकीचा लिहून घेता."

तिनं फोन ठेवून दिला. दहा मिनिटांनी परत केला आणि नाक ओढत ओढत पत्ता सांगितला. मी तो चुकीचाच लिहून घेतला.

संस्थेच्या वार्षिक अंकात हे छापून येणार आहे, आणि या अंकाचे वाचक म्हणजे आपलेच ऑपरेटर, ग्रेडर, हमाल आणि त्यांच्या घरची माणसं. तू रोज सकाळी फोनवर काय मागत होतास ते त्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. कशासाठी मागत होतास ते फारसं कोणाला नाही. म्हणून आधी त्यांना ते सांगतो, तू जरा थांब. एरवी अशा वेळी लिहिणारे म्हणतात, तू वरून ऐकतच असशील. तू 'वर' काही मानत नव्हतास, त्यामुळे तीही सोय तू मला ठेवलेली नाहीस.

तर मंडळी, आपली धान खरेदीची नऊ केंद्रं. प्रत्येक केंद्रावर एक संगणक, त्यात एक प्रोग्राम. टोकन, ओलावा, वजन, सगळं तोच लिहून ठेवतो. तो अडकला की काटा थांबतो आणि काटा थांबला की ट्रॅक्टरवाले ऑपरेटरच्या सात पिढ्यांची आठवण काढतात. अशा वेळी धनराज आणि मी गोंदियात बसून त्या प्रोग्रामच्या मागच्या दारानं आत शिरायचो. काय तुंबलं आहे ते पाहायचं, मोकळं करायचं, नाहीच जमलं तर बंद करून पुन्हा सुरू करायचं. त्या दाराला आमच्या भाषेत व्यवस्थापनाची जोडणी म्हणतात. अडचण एवढीच की दाराचा पत्ता, म्हणजे टिंबांनी जोडलेले चार आकडे, टिकत नाही. लाईट जाते, राऊटर बंद होतो, लाईट येते, आणि केंद्राला नवा पत्ता मिळतो. जुना पत्ता फिरत फिरत दुसऱ्याच केंद्राकडे जातो.

म्हणून तुझी ती सकाळची हजेरी. उभ्या रेघांची वही, कानाशी फोन, नऊ केंद्रं. कुंदाताई आकड्यांच्या मध्ये सगळं गाव घालायची. "दस टिंब आठ टिंब, थांबा, बकरी शिरली, हाट् हाट्, हं, शून्य टिंब सतरा." सालेकशाचा ऑपरेटर हिंदीत सांगायचा आणि उनसठ व उनहत्तर यांत माझा आजही घोटाळा होतो, म्हणून वही तू मला कधी दिली नाहीस. एकदा तू तापानं घरी होतास तेव्हाही देवरीहून फोनवरच हजेरी घेतलीस. मी इथं रिकामा बसून दाणे खात होतो.

एक दिवस तू वही मिटलीस आणि म्हणालास, "दिवाकर, हे नऊ घरं फिरून विचारनं बंद करू. त्यायनंच येऊन सांगावं."

"कोनाले?"

"एकाले. जो कुठी जात नाई."

तो एक म्हणजे लुकअप सर्व्हिस. गोंदियाच्या सर्व्हरवर बसवायचा एक लहानसा प्रोग्राम. त्याचा पत्ता कधी बदलायचा नाही. केंद्रातला प्रोग्राम सुरू झाला की त्यानं आधी लुकअपला गाठायचं आणि सांगायचं, मी चिचगड, माझं मागचं दार सध्या इथं आहे. मग आपण लुकअपला नुसतं 'चिचगड' म्हणायचं की तो ती जोडणी आपल्या हातात ठेवणार. पाचच मिनिटांत तू मला हे समजावलंस, आणि ते उभं करायला आपल्याला दोन महिने लागले.

पहिल्या दिवशी केंद्रांनी येऊन सांगितलं खरं, पण काय सांगितलं? सगळ्यांनी सांगितलं, 'मी इथंच आहे.' प्रत्येक संगणक स्वतःला 'इथंच' म्हणूनच ओळखतो. मी गोंदियात बसून त्या 'इथंच'वर गेलो आणि आपल्याच सर्व्हरच्या दारात पोचलो. मला इतकं हसू आलं की टेबलाला धरून बसावं लागलं. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "बराबरच बोलून राहिले ते. आपुन सांगितलंच नाई, कोनाच्या डोऱ्यानं पाहाचं." आणि रात्रीपर्यंत तसा बदल करून ठेवलास.

त्यानंतरची गंमत मात्र तुझी. तू देवरीच्या केंद्रावर सगळं नीट बसवलंस, तो फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलास आणि जिल्हाभर फिरून बाकीच्या आठ केंद्रांवर तसाच्या तसा टाकलास. नावाची ओळ बदलायची राहिली. परत आलास, यादी उघडलीस, आणि पडद्यावर एकाखाली एक नऊ वेळा देवरी! मी खुर्चीवर उभा राहून जाहीर केलं की गोंदिया जिल्ह्याचं नाव आजपासून देवरी जिल्हा. झाडीपट्टीच्या नाटकांत इतकी वर्षं खलनायक केल्यामुळे माझा आवाज तीन खोल्यांपलीकडे जातो. लेखा विभाग उठून बघायला आला.

दुरुस्तीला पुन्हा जावं लागलं, कारण नावाची ओळ मागच्या दारानं बदलता येत नव्हती. तीन केंद्रांना मी तुझ्याबरोबर आलो. बसमध्ये खिडकी तू घ्यायचास आणि माझ्या डब्यातली जवसाची चटणीही. चिचगडला तू स्वतः टाइप केलं नाहीस. खुर्ची कुंदाताईकडे सरकवलीस. "तुमच्या गावाचं नाव तुमीच लिहा ताई." तिनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं. मग तू तिला फोनवर गोंदियाची यादी दाखवलीस. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. "आता आमी हावो मने गोंदियात," ती म्हणाली. परतीच्या बसमध्ये सालेकशाच्या वाटेवरचं जंगल बघत तू मध्येच म्हणालास, "चष्मा पुसला ना तिनं." एवढंच. तुझ्याकडून कौतुक इतकंच यायचं, तेही दुसऱ्याच्या पाठीमागं.

आता आपलं भांडण.

लुकअपमध्ये नाव कायमचं लागत नाही. त्याला मुदत असते. केंद्रानं मुदतीच्या आत पुन्हा येऊन 'मी आहे' म्हणायचं, नाही म्हटलं तर लुकअप नाव काढून टाकतो. तू मुदत ठेवलीस तीन मिनिटं. मी म्हणत होतो एक दिवस.

"अरे, चिचगडचं नेट तासातून चारदा जाते," मी म्हणायचो. "प्रोग्राम तिथं मस्त चालू हाय अन् तुह्या यादीत तो मेलेला."

"येईल ना परत."

"तोवर साहेब माह्यं डोस्कं खाते."

"खाऊ दे. यादीत नाव नसलं तं मानूस फोन करून विचारते. नाव असलं तं कोनी विचारत नाई."

हे तू टपरीवर म्हणालास, बशीतला चहा फुंकत. मी ताबडतोब तुझी नक्कल करून टपरीवाल्याला हसवलं. असे वाद जिंकायची माझी हीच रीत होती.

साहेबांच्या केबिनमध्ये यादीचा पडदा लावलेला होता. रोज एकदा तरी ते बाहेर येऊन गरजायचे, "ये चिचगड भागता कहाँ है रोज?" आणि नेमकं मलाच विचारायचे, कारण तू उत्तर द्यायला वेळ लावायचास. मग तू चार दिवस रजेवर गेलास. तुझ्या मुलीचं, प्रज्ञाचं, नागपूरला कॉलेजात नाव घालायचं होतं. पहिल्याच दिवशी मी ती ओळ उघडली, तीन मिनिटं खोडली आणि चोवीस तास केले. तुला कळवलं नाही. दुपारी साहेब बाहेर आले. "आज पूरे नौ! वाह!" मी कंबरेत वाकून नमस्कार केला, नाटकात पडदा पडल्यावर करतात तसा. तीन दिवस मी ऑफिसात छाती काढून फिरत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी कुंदाताईचा फोन आला. प्रोग्राम अडकला, काटा थांबला. मी यादीत पाहिलं. चिचगड होतं. आत शिरलो. हळू बंद करून पाहायचं सोडून सरळ तात्काळ बंद करायची आज्ञा दिली, कारण मला जेवायला जायचं होतं.

"ताई, झालं?"

"काय झालं? अजून लटकूनच हाय."

तेवढ्यात दुसरा फोन वाजला. सालेकसा. "सर, सब बंद हो गया. सुबह से का कुछ भी नहीं दिख रहा."

घडलं ते असं. फोनच्या थोडं आधी चिचगडची लाईट गेली आणि आली. केंद्राला नवा पत्ता मिळाला, पण प्रोग्राम अडकलेला, तो लुकअपला येऊन सांगणार कसा? चिचगडचा जुना पत्ता मधल्या वेळात सालेकशाला मिळाला. तुझी तीन मिनिटं असती तर चिचगडचं नाव यादीतून कधीच पडलं असतं. माझ्या चोवीस तासांत ते जुन्या पत्त्यासकट तसंच उभं होतं. त्या दारानं मी सालेकशात शिरलो आणि भर काट्यावर सालेकसा बंद केलं.

सकाळपासूनची वजनं अजून गोंदियाला यायची होती. ती त्या प्रोग्रामच्या पोटात होती, ती गेली. हमालांनी शिवलेली, थप्पीला लागलेली पोती उतरवून पुन्हा काट्यावर चढवली. घरी पोचलेल्या लोकांना निरोप धाडून परत बोलावलं. अंधार पडला तरी ते चालू होतं. मी गोंदियातून दर अर्ध्या तासानं फोन करत होतो. शेवटी ऑपरेटर म्हणाला, "सर, आप फोन मत करो, हाथ खाली नहीं है."

दुसऱ्या दिवशी तू नागपूरहून परस्पर ऑफिसला आलास. पिशवी खाली ठेवलीस, फाईल उघडलीस, ती ओळ पाहिलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. चोवीस तास खोडून तीन मिनिटं केलीस आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलास. दार उघडंच होतं. मी ऐकलं. "मुदत चुकीची ठेवल्या गेली सर. मी बसवलेलं हाय, माझी जबाबदारी."

"बंद करो ये तमाशा," साहेब म्हणाले. "वही अच्छी थी तुम्हारी."

भंडाऱ्याच्या केंद्रांसाठी असंच लुकअप उभं करायला तुला पाठवायचं ठरत होतं. ते पत्र आलंच नाही. आपण दोघांनीही त्याचा विषय काढला नाही.

टपरीवर मी विचारलं, "काऊन तसं बोललास?"

"तुह्यं कंत्राट मार्चमधी संपते," तू म्हणालास. "मी पर्मनंट. माह्यं काय करते साहेब?"

त्या जागी कोणीही माणूस काय बोलला असता? मी म्हणालो, "मंग आजचा चहा माह्याकडून." तू बशी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलंस. राग नव्हता त्यात. बहुतेक तू वाट पाहत होतास, की हा पुढं आणखी काही बोलतो का. मी टपरीवाल्याला हाक मारली आणि बिस्किटं मागितली.

त्यानंतर माझं कंत्राट दोनदा वाढलं. तू पुन्हा वही काढलीस.

आता अलीकडचं सांगतो. देवरीला तुझ्या अंगणात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. साहेब मुद्दाम गोंदियाहून आले होते. चांगलं बोलले, खरंच बोलले. आणि शेवटी म्हणाले, "धनराजजी से भी एक बार बड़ी गलती हुई, वो सालेकसा वाली. लेकिन हमने कभी मन में नहीं रखी." लोकांनी माना डोलावल्या. वहिनीनं मान खाली घातली. मग माईक माझ्याकडे आला.

माईक हातात आल्यावर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. मी नऊ देवऱ्या सांगितल्या. कुंदाताईची बकरी सांगितली. अंगण हसलं, वहिनीसुद्धा डोळे पुसत हसली. दहा मिनिटं मी बोललो, आणि सालेकशाचं नावही घेतलं नाही. खाली बसलो तेव्हा शेजारचा माणूस म्हणाला, "वा भाऊ, रंगवलं तुमी."

खिरीच्या वाट्या घेऊन प्रज्ञा आली. माझ्या हातात वाटी दिली आणि तिथंच उभी राहिली.

"काका, बाबाची ती सालेकशाची चूक काय होती?"

"ती जरा टेक्निकल होती बेटा."

"मी कॉम्प्युटरच शिकून राहिली काका."

"सांगीन कधी निवांत," मी म्हणालो आणि खिरीची स्तुती सुरू केली. ती ऐकत उभी राहिली नाही.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. माझ्या हजेरीत तीन केंद्रांचे पत्ते चुकले होते. साहेब म्हणाले, ऐन हंगामात हे चालणार नाही, नागपूरची कंपनी बोलावतो. मी म्हणालो, कंपनी कशाला, लुकअप तसाच पडून आहे, एका आज्ञेत सुरू होतो.

"वो धनराज वाली चीज? उसी ने तो सालेकसा डुबाया था."

धनराज, या वाक्यासाठी मी रविवारभर एक भाषण पाठ केलं होतं. सुरुवात, चढ, उतार, मध्ये एक विराम. त्यातलं काहीच आठवलं नाही. मी म्हणालो, "साहेब, ते मी केलं. मुदत मी बदलली होती. धनराज रजेवर होता."

साहेबांनी चष्मा काढला. "तो उस दिन बोला क्यों नहीं?"

"माझं कंत्राट मार्चमध्ये होतं."

"वो तो इस साल भी मार्च में ही है."

"हो साहेब."

ते पडद्याकडे वळले. पडदा रिकामाच होता. मग म्हणाले, "मार्च का मार्च में देखेंगे. चालू कर. और नौ के नौ दिखने चाहिए."

"ज्या दिवशी आठ असतील त्या दिवशी आठच दिसतील साहेब," मी म्हणालो. तुझ्यासारखं बोलल्यावर कसं वाटतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. काही मजा येत नाही.

लुकअप सुरू केला. आता प्रत्येक केंद्रावर जाऊन त्या जुन्या ओळी पुन्हा घालाव्या लागणार, निदान आठवडा मोडणार, असा माझा हिशोब होता. मी बसचं वेळापत्रक शोधत होतो तेवढ्यात पडद्यावर आमगाव आलं. मग तिरोडा. मग एकदम तीन. तू केंद्रांतल्या ओळी काढल्याच नव्हत्यास. गोंदियातला लुकअप बंद केलास आणि केंद्रांना तसंच ठेवलंस. म्हणजे दोन वर्षं ती सगळी केंद्रं थोड्या थोड्या वेळानं लुकअपला हाक मारत होती, उत्तर नाही म्हणून थांबत होती, पुन्हा मारत होती. याच्या नोंदीही सापडल्या, पानंच्या पानं. तू त्या रोज पाहत असशील. मी शेजारच्या टेबलावर बसून दाणे खात होतो.

चिचगड सगळ्यांत शेवटी आलं. तीन मिनिटांत गेलं. पुन्हा आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं देवरीला गेलो. प्रज्ञा अंगणात धान वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुदत, लाईट, पत्ता, तात्काळ बंद, केबिन, टपरी. ती मध्ये दोनच प्रश्न विचारत होती आणि दोन्ही नेमके होते. तू सुखी झाला असतास, मला घाम फुटत होता.

"बाबाले मालूम होतं, तुमी केलं मनून?"

"हो."

"मंग त्या दिवशी तुमी माईकवर काऊन नाई बोलले? माईक तं तुमच्याच हाती होता."

मी वाकून धान हातानं पसरू लागलो.

वहिनी दारात येऊन उभी होती. कधी आली कळलं नाही. ती कोणाकडे न बघता म्हणाली, "भंडाऱ्याचं रद्द झालं त्या दिवशी जेवले नाई ते. मी समजली पोट बिघडलं. ओव्याचं पानी करून देल्लं." आणि आत निघून गेली. थोड्या वेळानं आतून चहाच्या भांड्याचा आवाज आला. मला वाटलं आता मला चहा मिळणार. मिळाला. धनराज, तो चहा घशाखाली उतरवणं हे मी आजवर केलेलं सगळ्यांत अवघड काम आहे, आणि मी भर उन्हाळ्यात लोकरीचा कोट घालून राक्षस केलेला आहे.

तू त्या दिवशी काय गिळलंस, हे मला दोन वर्षं ठाऊक नव्हतं. मी समजत होतो, तुला भंडाऱ्याचं तेवढं काही नाही. तू बोलला नाहीस म्हणून काही नाही, असं मी धरून चाललो. आणि टपरीवर तू माझी वाट पाहिलीस ती दहा सेकंदं. तेवढ्यात मी साधं 'माझी चूक झाली' एवढं म्हणालो असतो तर तू नक्की म्हणाला असतास, "मालूम हाय मले, चहा पी." आणि विषय तिथं संपला असता. ते वाक्य तुझ्याकडून ऐकायचं राहून गेलं, आणि ते दुसऱ्या कोणाकडून ऐकून चालत नाही.

निघताना प्रज्ञा फाटकापर्यंत आली.

"लिहा हे," ती म्हणाली. "साहेब वाचतील, हमाल वाचतील, अशा जागी. तुमच्या नावानं."

"लिहितो."

"अन् हसवू नका लोकायले."

मी हो म्हणालो. मसुदा घेऊन गेल्या रविवारी पुन्हा तिच्याकडे गेलो. तिनं ओसरीवर बसून पहिल्यापासून वाचला, हातात पेन घेऊन. बकरीपाशी तिच्या तोंडावर हसू आलं, ते तिनं लपवायचा प्रयत्न केला. नऊ देवऱ्यांना मात्र मोठ्यानं हसली आणि मग रागावून माझ्याकडे पाहिलं. पण त्या ओळी तिनं काढल्या नाहीत. "बाबा असेच होते," म्हणाली.

एक परिच्छेद काढला. तो इथं, या ठिकाणी होता. चांगला लांब परिच्छेद होता आणि मला फार आवडलेला. त्यात चिचगडचं नेट होतं, जंगलातून येणारी वायर होती, साहेबांचं रोजचं ओरडणं होतं, कंत्राटी माणसाची अवस्था होती. सगळ्यांच्या साक्षी मी काढल्या होत्या. तिनं त्यावर आडवी रेघ मारली.

"हे वकिलाचं हाय काका. काय केलं तेवढंच लिहा."

तेवढंच लिहितो. मुदत मी बदलली. सालेकसा मी बंद केलं. त्या दिवशी तू नागपूरला होतास, पोरीचं नाव घालत.